डॉक्टरकाका टायपिंग…

‘ऑनलाइन डॉक्टर’ म्हटलं की आपल्याला ॲप आठवतं, स्टार आठवतात आणि पहिल्या कन्सल्टेशनवरचा डिस्काउंट आठवतो. पण खुद्द डॉक्टरमंडळी नेटवर काय करत असतात? बाबांच्या ‘ॲसिडिटी’मुळे हे बघायचा योग आला.

रात्रीचे दहा वीस. मी पुण्यात, कर्वेनगरच्या फ्लॅटवर. एका हातात मॅगीचा बाउल, समोर लॅपटॉपवर अर्धवट लेख आणि डोक्यावर सकाळची डेडलाइन. तेवढ्यात आईचा फोन.

‘‘अगं, बाबांना ॲसिडिटी झालीय बघ. संध्याकाळी कोणाच्या तरी बारशाला वडे खाऊन आले. गार दूध झालं, सोडा झाला, ओवा झाला. तू ते मोबाइलवरून डॉक्टर बघतेस ना, विचार ना जरा. एवढ्या रात्री आपल्या डॉक्टरांना कुठे उठवायचं?’’

आमचं घर राजापूरला. बाबा निवृत्त मास्तर, वय एकसष्ट, डायबेटिस गेली अकरा वर्षं. आणि मी? सर्दीपासून केसगळतीपर्यंत सगळ्यासाठी ॲपवर डॉक्टर गाठणारी मुलगी. मी लगेच ॲप उघडलं, ३९९ रुपये भरले आणि सात मिनिटांत एक डॉक्टर स्क्रीनवर हजर. माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठा असेल. मागे भिंतीवर कॅलेंडर, गळ्यात स्टेथोस्कोपसुद्धा नाही.

मी म्हटलं, ‘‘बाबांना ॲसिडिटी आहे. एखादी चांगली गोळी लिहून द्या.’’

‘‘पेशंट कुठे आहेत?’’

‘‘गावाला.’’

‘‘मग त्यांना कॉलवर घ्या.’’

दुसऱ्या फोनवरून आईला लावलं, स्पीकर ऑन केला. त्याने चार-पाच प्रश्न विचारले. घाम येतोय का? जबडा, खांदा, हात जड वाटतोय का? उलटी झाल्यासारखं? शुगर किती वर्षं? आई म्हणाली, ‘‘घाम येतोय, पण आमच्याकडे दमट हवाच आहे हो.’’ त्यावर तो म्हणाला, ‘‘हे बघा, मी ॲसिडिटीचं औषध लिहून देणार नाही. ही ॲसिडिटी नसूही शकते. आत्ताच्या आत्ता जिथे ईसीजी निघेल तिथे न्या. चालत नेऊ नका, जिना चढवू नका.’’ मग ॲस्पिरिनची ॲलर्जी, अल्सर, कुठून रक्त जातंय का, एवढं विचारून घरातली डिस्प्रिन चावून खायला सांगितली आणि म्हणाला, ‘‘कॉल ठेवा, वेळ घालवू नका.’’ दोन मिनिटं चाळीस सेकंद.

खरं सांगू? मी भडकले. चारशे रुपये घेतले आणि एक गोळी लिहून दिली नाही? वर आईला घाबरवून सोडलं? कॉल संपला तसा स्क्रीनवर तो नेहमीचा चौकोन आला, ‘अनुभव कसा वाटला?’ मी एक स्टार दाबला. खाली टाइपही केलं, ‘औषध दिलं नाही. पैसे वाया.’ हे सगळं करायला दहा सेकंदसुद्धा लागले नसतील.

पण आई घाबरली होती, ते बरं झालं. शेजारच्या दादाने रिक्षा काढली आणि बाबा आमच्या डॉक्टरकाकांकडे पोचले.

फोटो, तीन ओळी आणि एक घाट

डॉक्टरकाका म्हणजे एमडी फिजिशियन. खाली दहा खाटांचं हॉस्पिटल, वर घर. मी शाळेत असल्यापासून त्यांना बघतेय. पुढचं सगळं मला नंतर कळलं, त्यांच्याच मोबाइलवर वेळेसकट.

१०.५८ ला ईसीजी निघाला. ११.०१ ला त्यांनी त्याचा फोटो कोल्हापूरच्या एका हृदयरोगतज्ज्ञांना व्हॉट्सॲपवर पाठवला. सोबत एवढंच, ‘पुरुष, ६१, मधुमेह, तीन तास त्रास, बीपी १००/७०.’ ११.०६ ला उत्तर आलं. तीन ओळी. पहिली, हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका आहे. दुसरी, व्ही-फोर-आर काढा, तोपर्यंत सॉर्बिट्रेट नको. तिसरी, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे का? असेल तर द्या आणि इकडे पाठवा.

यातली दुसरी ओळ मला समजायला आठवडा लागला. नेहमीच्या ईसीजीत छातीवरच्या तारा डाव्या बाजूला लावतात. खालच्या भिंतीचा झटका असला की हृदयाचा उजवा कप्पाही सापडलाय का ते बघायला एक तार उजवीकडे लावून पुन्हा पट्टी काढतात. तिला व्ही-फोर-आर म्हणतात. उजवा कप्पा सापडला असेल आणि तुम्ही जिभेखाली सॉर्बिट्रेट दिलीत, तर बीपी धाडकन खाली येऊ शकतं. आणि आपल्याकडे छातीत दुखलं की पहिली गोष्ट काय करतात? अर्ध्या महाराष्ट्राच्या आजोबांच्या खिशात ती गोळी असते!

बाबांचा उजवा कप्पा सापडला होता.

‘‘तुम्ही दिली असतीत का हो सॉर्बिट्रेट?’’ मी नंतर काकांना विचारलं. काका हसले. ‘‘नसती दिली. पण रात्री अकरा वाजता, ओळखीचा पेशंट समोर घामाघूम, बायको दारात रडतेय. अशा वेळी दुसरं कोणीतरी तेच म्हणालं की हात थरथरत नाही.’’

११.३१ ला इंजेक्शन गेलं. साडेबाराला ॲम्ब्युलन्स निघाली आणि अणुस्कुरा घाट चढून पहाटे कोल्हापूरला पोचली. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी, एक स्टेंट. मी पुण्याहून मिळेल ती एसटी धरून पोचले तेव्हा बाबा आयसीयूत पडून नर्सला पोह्यात मीठ कमी असल्याचं सांगत होते.

आता गंमत बघा. ही सगळी कामगिरी ज्या ‘मेडिकल टेक्नॉलॉजी’ने केली ती म्हणजे तुमच्या-माझ्या मोबाइलमधलं तेच ॲप, ज्यावर आपण गुड मॉर्निंगचे फुलांचे फोटो पाठवतो.

काकांची सकाळ

फ्रीलान्सर असण्याचा एक फायदा म्हणजे ऑफिस पाठीवरच्या बॅगेत असतं. डिस्चार्जनंतर मी बाबांसोबत दोन आठवडे राजापुरात राहिले. सकाळी लेख, आणि दुपारी काकांच्या केबिनच्या कोपऱ्यात एक खुर्ची. पेशंटची हरकत नसेल तेव्हाच आत, नावं कुठे लिहायची नाहीत, ही अट.

माझी कल्पना अशी होती की नेटसॅव्ही डॉक्टर म्हणजे ज्याची झकास वेबसाइट आहे, ऑनलाइन अपॉइंटमेंट आहे, यूट्यूबवर ‘मधुमेहाला करा बाय बाय’ आहे. काकांकडे यातलं काहीच नाही. गुगल मॅपवर हॉस्पिटलचा पिन आहे, तोही कोणा पेशंटनेच टाकलेला आणि रस्त्याच्या चुकीच्या बाजूला. पण हा माणूस दिवसात किमान तीन तास नेटवर असतो.

सकाळी सहाला चहा आणि पबमेड. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा हा वैद्यकीय शोधनिबंधांचा शोधसंच १९९७ पासून सगळ्या जगाला फुकट खुला आहे. काका त्यात काल दिवसभरात अडलेल्या गोष्टी शोधतात. कालच्या पेशंटला सांधेदुखीसाठी दिलेलं औषध आणि त्याची आधीपासूनची रक्त पातळ करणारी गोळी, दोन्ही एकत्र चालतात का? ओपीडीत शंका आली तर तिथल्या तिथेही बघतात. पेशंटसमोर! मला वाटलं, पेशंट म्हणेल, ‘या डॉक्टरला काही येतच नाही वाटतं.’ पण काका स्क्रीन पेशंटकडे फिरवतात. ‘‘हे बघा मामा, तुमची ही गोळी आणि ती गोळी. लाल खूण दिसतेय? म्हणून बदलतोय.’’ मामांना इंग्रजी वाचता येत नाही, पण लाल रंग कळतो.

‘‘पूर्वी काय करायचात?’’

‘‘पूर्वी पुस्तक. ते पाच वर्षं जुनं. नाहीतर कंपनीचा एमआर. तो त्याच्या कंपनीचं सांगणार. आणि कॉन्फरन्स वर्षातून एकदा, त्यात जेवण चांगलं असायचं.’’

याच ओघात त्यांनी मला विंचवाची गोष्ट सांगितली. कोकणात लाल विंचू चावून माणसं, विशेषतः मुलं, मरायची. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी खेड्यातल्या पेशंटच्या नोंदी ठेवून दाखवून दिलं की ब्लडप्रेशरचं प्राझोसिन हे साधं औषध विंचूदंशात जीव वाचवू शकतं. १९८६ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पण लंडनचं लॅन्सेट महाडपासून दीड-दोनशे किलोमीटरवरच्या डॉक्टरच्या टेबलावर कसं येणार? ज्याला मुंबईच्या लायब्ररीत जाणं शक्य, त्याला ते दिसणार. २०११ मध्ये याच जोडप्याची विंचवाची लस आणि प्राझोसिन एकत्र देण्याबद्दलची चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. ती काकांनी केबिनमध्ये बसून पूर्ण वाचली, फुकट. ‘‘संशोधन महाडचं, छापलं लंडनला आणि मला मिळालं राजापुरात. मधला रस्ता नेटने काढला,’’ काका म्हणाले. (डॉ. हिंमतरावांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. काकांच्या केबिनमध्ये त्या बातमीचं कात्रण आहे, लॅमिनेट केलेलं.)

हल्ली ते एआयलाही विचारतात. पण कसं? ‘‘या लक्षणांत मी काय विसरतोय, एवढंच विचारतो. उत्तर पटलं तर मूळ पेपर शोधतो. दोनदा त्याने असा पेपर सांगितला जो कोणी लिहिलाच नव्हता!’’ आमच्या धंद्यातही सेम प्रॉब्लेम आहे, मी म्हटलं.

ग्रुपमध्ये काय शिजतं?

काकांच्या फोनवर डॉक्टरांचा एक ग्रुप आहे. कोकण आणि घाटावरचे मिळून फिजिशियन, एक-दोन सर्जन, एक त्वचातज्ज्ञ, एक मेंदूविकारवाले. मला वाटलं होतं, इथेही जोक आणि जमिनीच्या जाहिराती असतील. आहेत. पण दुपारी दोन ते चार या वेळेत बघण्यासारखं असतं. कोणीतरी एक्स-रे टाकतं, कोणी पायावरच्या चट्ट्याचा फोटो, कोणी ‘ताप दहा दिवस, सगळ्या टेस्ट निगेटिव्ह, पुढे काय?’ मग टायपिंग… टायपिंग… आणि एकेक उत्तर. पावसाळ्यात पहिला प्रश्न ठरलेला, शेतात जातो का? कारण लेप्टो.

याचा फायदा एका छोट्या गोष्टीत आहे, आणि ती मला महत्त्वाची वाटते. तालुक्याच्या गावातला डॉक्टर एकटा असतो. पुण्या-मुंबईच्या हॉस्पिटलात कॉरिडॉरमध्ये उभं राहून ‘जरा हा पेशंट बघतोस का’ म्हणायला माणूस असतो. इथे कॉरिडॉर नाही. त्यामुळे शंका आली की पेशंट सरळ पुढे पाठवायचा किंवा शंका गिळून उपचार करायचे. पहिल्यात पेशंटची एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं जातं, दुसऱ्यात काय जाईल सांगता येत नाही.

पण ग्रुपला दुसरी बाजू आहेच. मी बसले होते त्याच आठवड्यात कोणीतरी एका बाईचा रिपोर्ट नाव-पत्त्यासकट टाकला. काकांनी लगेच लिहिलं, ‘नाव काढून पुन्हा टाका.’ त्यांची स्वतःची पद्धत म्हणजे ईसीजीच्या पट्टीचा नाव असलेला कोपरा दुमडूनच फोटो काढायचा. फोन हरवला तर? मुलाच्या हातात गेला तर? गॅलरीत सहलीच्या फोटोंच्या मधोमध कोणाचा तरी एक्स-रे? त्यांनी पेशंटचे फोटो गॅलरीत आपोआप साठणं बंद केलंय, आणि जे ठेवायचे ते कम्प्युटरवर पासवर्डमागे, पेशंटच्या नंबरखाली. चॅट वाहून जातं, रेकॉर्ड राहायला हवं, असं ते म्हणतात. गंमत म्हणजे ही शिस्त त्यांना कोणी कोर्समध्ये शिकवली नाही. तरुणपणी एकदा एका पेशंटची बातमी गावभर झाली होती, त्यातून ते शिकले. जास्त काही ते बोलले नाहीत.

बाबांचा ईसीजी शिकण्यासारखा होता, तेव्हा काकांनी त्यांना विचारलं, ‘‘मास्तर, नाव न टाकता ग्रुपवर टाकू का?’’ बाबा म्हणाले, ‘‘नाव टाका की! फोटोपण टाका.’’

क्रोसिनही सांगायची भीती

डॉक्टर आणि नेट ही गोष्ट आजची नाही. मार्च २००० मध्ये आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात अरगोंडा नावाच्या गावी अपोलोने टेलिमेडिसिन केंद्र सुरू केलं. उद्घाटनाला कोण, तर भारतभेटीवर आलेले बिल क्लिंटन! पुढे इस्रोने सॅटेलाइटची लाइन दिली आणि दूरदूरची हॉस्पिटलं मोठ्या हॉस्पिटलांना जोडली गेली. तेव्हा त्यासाठी वेगळी खोली लागायची, मोठा कॅमेरा लागायचा. आज ते सगळं खिशात आहे. मग तरीही इतकी वर्षं डॉक्टर फोनवर बोलायला का कचरत होते?

काकांचं उत्तर एका वाक्यात, ‘‘रत्नागिरी, २०१८.’’

आमच्याच जिल्ह्यातलं प्रकरण. एका बाळंतिणीचा मृत्यू झाला. डॉक्टर गावाबाहेर असताना फोनवरून उपचार सांगितले गेले, असा आरोप होता. त्या वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला आणि निदान न करता औषध सांगण्याबद्दल कडक शब्द वापरले. देशभरातल्या डॉक्टरांच्या वर्तुळात खळबळ उडाली. फोनवर सल्ला देणं चालतं की नाही, कोणालाच नीट माहीत नव्हतं, कारण त्याबद्दल स्पष्ट नियमच नव्हते. ‘‘मी तर फोनवर क्रोसिन सांगायचंही बंद केलं. या म्हणायचो. रात्री दोनला ताप आलेल्या पोराला घेऊन लोक खाडीपलीकडून यायचे,’’ काका म्हणाले.

नियम आले ते २५ मार्च २०२० ला, लॉकडाउनच्या पहिल्याच दिवशी. टेलिमेडिसिन प्रॅक्टिस गाइडलाइन्स. मी त्या पूर्ण वाचल्या, आणि खरं सांगते, सरकारी कागद असून बऱ्यापैकी समजतात. फोन, व्हिडिओ, चॅट, तिन्ही चालतं, पण कशाने काय करायचं ते डॉक्टरने ठरवायचं. औषधांच्या याद्या केल्यात. साधी, दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं कुठल्याही मार्गाने सांगता येतात. काही औषधं पहिल्या भेटीत फक्त व्हिडिओवर बघूनच. काही फक्त जुन्या पेशंटला, त्याच आजारासाठी, समोरासमोर बघून सहा महिने झाले नसतील तर. आणि नशा आणणारी, सवय लावणारी काही औषधं ऑनलाइन अजिबात नाहीत. चिठ्ठीवर डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर हवाच. यंत्राला, म्हणजे एआयला, डॉक्टरला मदत करता येईल, पण पेशंटला परस्पर औषध लिहून देता येणार नाही.

आणि इमर्जन्सी? तिथे गाइडलाइन्सचं म्हणणं असं की प्राथमिक सल्ला द्या आणि लवकरात लवकर प्रत्यक्ष डॉक्टरकडे पाठवा.

ही ओळ वाचताना मी थांबले. ‘मी ॲसिडिटीचं औषध लिहून देणार नाही.’ माझ्या दोन मिनिटं चाळीस सेकंदांच्या डॉक्टरने नियमाबरहुकूम काम केलं होतं. माझी चारशे रुपयांची अपेक्षाच मुळात चुकीची होती.

सरकारची ‘ई-संजीवनी’ हीसुद्धा याच काळात वाढली. मोहालीच्या सी-डॅकने बनवलेली ही फुकट सेवा. २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झाली ती डॉक्टर ते डॉक्टर अशी, घरबसल्या पेशंटसाठी एप्रिल २०२० मध्ये, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. त्यातला मोठा भाग गावातल्या आरोग्य केंद्रात बसलेल्या पेशंटचा. शेजारी आरोग्य कर्मचारी, समोर स्क्रीनवर डॉक्टर. म्हणजे बीपी बघायला, पोट दाबून बघायला तिथे कोणाचा तरी हात आहे. आपल्या शहरी ॲपमध्ये हा हातच नसतो, आणि आपण त्याला सोय म्हणतो.

‘फक्त एक फोटो पाठवते हां’

पुण्यात परतल्यावर मी माझ्या एका मैत्रिणीला गाठलं. ती त्वचारोगतज्ज्ञ, औंधला क्लिनिक. आपल्यासारख्या आयटी आणि कॉर्पोरेट पब्लिकची डॉक्टर. नेटबद्दल विचारलं तर आधी पाच मिनिटं नुसता राग.

‘‘लग्नात भेटलेली बाई रात्री साडेअकराला मेसेज करते. ‘हाय डिअर, फक्त एक फोटो पाठवते हां.’ फोटो कसला? पिवळ्या दिव्याखाली, ब्युटी मोड ऑन! फोनने पुरळ आधीच पुसून टाकलेलं असतं. मी काय बघू?’’

तिने मग नियम केले. वेगळा नंबर, ठरलेली वेळ, ठरलेली फी. फोटो दिवसाउजेडी, खिडकीजवळ, फिल्टरशिवाय. एक लांबून, एक जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. आणि फोटोसोबत एक प्रश्न सक्तीचा, आतापर्यंत काय काय लावलं? कारण गजकर्णावर मेडिकलवाल्याने दिलेली स्टिरॉइडची क्रीम चोळली की त्याचं रूपच बदलतं. कडा पुसट होतात, फोटोत ते गजकर्ण वाटतच नाही. (अशा बऱ्याच क्रीम २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. जाऊन मागून बघा, कळेल बंदी किती आहे ते.) मुरमांचा फॉलोअप, केसांचा फॉलोअप, हे ती आता बहुतेक ऑनलाइनच करते. हिंजवडीहून औंधला येण्यात पेशंटचे दोन तास वाचतात. पण बदलणारा तीळ असेल तर ‘ये’ म्हणते, दुसरं काहीही नाही.

‘‘आणि रील्स?’’

ती कसनुशी हसली. तिच्याही आहेत. सनस्क्रीनवर केलेली एक बरीच चालली. ‘‘पेशंट त्यावरून येतात, खोटं कशाला बोलू? पण आधी-नंतरचे फोटो टाकत नाही.’’ ऑगस्ट २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने डॉक्टरांच्या सोशल मीडियासाठीही नियम काढले होते. लाइक्स आणि फॉलोअर्स विकत घ्यायचे नाहीत वगैरे. तीनच आठवड्यांत ती सगळी नियमावली स्थगित झाली, जेनेरिक औषधांच्या वादात. म्हणजे निळा टिक आणि चांगला कॅमेरा बघून डॉक्टर निवडायचा की नाही, हे तूर्त आपल्यावरच सोपवलेलं आहे.

एक गोष्ट मात्र तुमच्या-माझ्यासाठी सांगून ठेवते. मनाच्या त्रासासाठी ऑनलाइन खरंच सोयीचं आहे, कारण तिथे बोलणं हाच तपासणीचा मोठा भाग. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. नंबर १४४१६. फुकट आहे. ऑफिसच्या जिन्यात उभं राहूनही लावता येतो.

उलटा फोटो

बाबा आता बरे आहेत. रोज सकाळी साडेसातला बीपी मशिनचा फोटो काढून काकांना पाठवतात. फोटो उलटा असतो. काका मोबाइल उलटा धरून बघतात आणि ‘ठीक’ लिहितात. एक दिवस त्यांनी ‘ठीक’ लिहिलं नाही, ‘दुपारी या’ लिहिलं. आकडा ९२ होता आणि बाबांना उठताना गरगरत होतं. एका गोळीचा डोस कमी झाला. एवढंच. या दोन-दोन शब्दांच्या चॅटमुळे महिन्याची भेट काही टळलेली नाही, बाबा पहिल्या सोमवारी रांगेत बसतातच. त्यांना ती रांग आवडते, तिथे पेपर असतो.

मी मात्र एक काम डोक्यात घेऊन बसले होते. ॲप उघडलं, जुन्या कन्सल्टेशनमध्ये गेले. दोन मिनिटं चाळीस सेकंद. खाली त्याची नोट, मी त्या रात्री उघडूनही न बघितलेली. ‘६१, पुरुष, मधुमेह. छातीत जळजळ, घाम. हृदयविकाराची शक्यता. तातडीने ईसीजी, जवळच्या रुग्णालयात. ॲसिडिटीचे औषध दिले नाही.’ खाली नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर.

त्याला थँक्यू म्हणायचं होतं. ॲपवरून मेसेज जाईना. फॉलोअपची मुदत संपली होती, नवी फी भरा म्हणालं. तेही भरलं, तर त्या नावाचा डॉक्टर आता त्या ॲपवर नव्हता, दुसरीच कोणी तरी बाई आली. मी सॉरी म्हणून कॉल ठेवला. मग निदान रिव्ह्यू बदलावा म्हणून तिथे गेले.

‘तीस दिवसांनंतर रिव्ह्यू बदलता येत नाही.’

बत्तिसावा दिवस होता. स्टार एकच. खाली माझं नाव, आणि त्याखाली, ‘हा रिव्ह्यू ११ जणांना उपयुक्त वाटला.’